‘झाल्यात जमा’ हा कप्पा बोर्डावरून काढून टाका

गोव्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांचे संचालक, डिलिव्हरी मॅनेजर आणि प्रॉडक्ट ओनर यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी टेस्टर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर वापरात जाण्याआधी तपासणारी. अकरा वर्षं झाली. पर्वरीत दोन कंपन्यांत आणि पणजीत एका कंपनीत काम केलं, राहते डिचोलीला. तिन्ही ठिकाणी माणसं वेगळी, क्लायंट वेगळे, पण स्प्रिंटच्या, म्हणजे ठरलेल्या थोड्या आठवड्यांच्या कामाच्या फेरीच्या, शेवटच्या शुक्रवारी होणारी ओढाताण तीच. म्हणून हे पत्र कुणा एका कंपनीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

माझ्या टेबलाच्या खणात दूध संकलन केंद्रावरची एक पावती आहे. थर्मल कागद असल्यामुळे अक्षरं पुसट होत चालली आहेत, पण अजून लागतात: तारीख, सकाळची वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम. आणि सगळ्यात वर, जिथे दूध घालणाऱ्याचं नाव हवं, तिथे सात रिकामे चौकोन.

ही पावती मला सत्तरीतल्या एका गावात मिळाली. आम्ही बनवलेलं ॲप तिथल्या दूध सोसायटीच्या केंद्रावर सुरू होऊन तीन दिवस झाले होते. फोनवरून तक्रारी येत होत्या, पण नेमकं काय बिघडलंय ते ऑफिसात कुणाला उमगत नव्हतं, म्हणून मला पाठवलं. पहाटे डिचोलीहून निघाले, साखळी आणि वाळपई मागे टाकून उजाडायच्या सुमाराला पोचले. पाऊस लागलेला. केंद्राच्या पडवीत आठ-दहा जण किटल्या घेऊन उभे. एका काकींनी पावती माझ्यापुढे धरली आणि विचारलं, “बाय, हातूंत म्हजें नांव खंय आसा?” (यात माझं नाव कुठे आहे?)

मला उत्तर देता आलं नाही. त्या कामाचं तिकीट, म्हणजे टीमच्या बोर्डावरची त्या कामाची चिठ्ठी, तीन आठवड्यांपूर्वी मीच ‘डन’च्या कप्प्यात सरकवलं होतं.

कसं सरकवलं ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणारं काम, साधी होती. दूध घातल्यावर शेतकऱ्याला छापील पावती मिळावी. डेव्हलपरने कोड लिहिला, त्याच्या टेबलावर पावती छापून आली. त्याच्या लेखी काम झालं. मी ऑफिसातल्या प्रिंटरवर तपासलं. टेस्ट डेटा इंग्रजीतला, नावं ‘टेस्ट फार्मर वन’, ‘टेस्ट फार्मर टू’. ती नीट उमटली. माझ्या लेखी झालं. काय बनवायचं ते ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरने स्प्रिंटअखेरच्या रिव्ह्यूत क्लायंटला स्क्रीन दाखवली, क्लायंटने मान डोलावली. मॅनेजरने त्याच आठवड्यात माइलस्टोनचं, म्हणजे करारातल्या त्या टप्प्याचं, बिल लावलं. चौघांपैकी एकही जण खोटं बोलत नव्हता. आमचे ‘झालं’ या शब्दाचे अर्थ चार होते, आणि पाचवा अर्थ, म्हणजे सकाळी सहा वाजता हातात पडलेली, स्वतःचं नाव असलेली पावती, हा आमच्यापैकी कुणाच्याच नव्हता.

थर्मल प्रिंटरच्या पोटात ठरावीक लिप्यांचीच अक्षरं बसवलेली असतात. स्वस्तातल्या बहुतेक प्रिंटरवर देवनागरी हवी असेल तर मजकुराचं चित्र करून पाठवावं लागतं, नाहीतर चौकोन उमटतात किंवा भलतीच चिन्हं. हे डेव्हलपरला ठाऊक होतं. त्याने तिकिटाखाली लिहूनही ठेवलं होतं: ‘मराठी नावं पुढच्या स्प्रिंटला’. पुढच्या स्प्रिंटला ते त्याच्या पुढच्या स्प्रिंटला गेलं, आणि तेवढ्यात केंद्र सुरू करायची तारीख उजाडली.

नेटवर्कचंही तेच. ऑफिसच्या वायफायवर नोंद झटकन सर्व्हरवर जायची. गावात पावसात रेंज येते आणि जाते. स्क्रीनवरचं चक्र फिरत राही, केंद्रावरचा मुलगा कंटाळून पुन्हा बटण दाबी, आणि रेंज आली की एकाच किटलीच्या दोन नोंदी पडत. संध्याकाळी हिशेबातलं दूध टँकरमधल्या दुधापेक्षा जास्त. सेक्रेटरींनी तीन रात्री बसून वहीवरून आकडे जुळवले. रेंज नसताना नोंद फोनमध्येच साठवून ठेवायचं काम आमच्या बोर्डावर होतं. कुठल्या कप्प्यात, सांगू? त्या टीममध्ये ‘चालू’ आणि ‘डन’ यांच्यामध्ये एक कप्पा होता. त्याला नाव वेगळं होतं, पण सगळे तोंडाने त्याला ‘झाल्यात जमा’ म्हणायचे.

आपल्या भाषेत या बाबतीत फार बारीक छटा आहेत. होत आलंय. झाल्यातच आहे. झाल्यात जमा आहे. झालं. एकदाचं झालं. आपल्या ऑफिसांत तर बोलणं अर्धं कोकणीत चालतं, तिथे ‘जालें?’ विचारलं की ‘जालें’ म्हणायचं आणि मनात ‘जातलें’ (होईल) ठेवायचं, हे सवयीचं झालंय. घरच्या बोलण्यात या छटा गोड आहेत. जेवण झाल्यात जमा आहे म्हटलं की पाहुणा हात धुऊन बसतो, पाच मिनिटांनी ताट येतं, कुणाचं बिघडत नाही. पण जमाखर्चाच्या वहीत जमेच्या बाजूला तेवढंच मांडतात जेवढं हाती आलं. सॉफ्टवेअरच्या बोर्डावर आपण हाती न आलेलं जमेला धरतो, त्यावर पुढच्या महिन्याचे वायदे करतो आणि बिलही लावतो.

तुमच्यापैकी बहुतेक जण ॲजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, काम करत असल्याचं सांगता, अनेकांची प्रमाणपत्रंही आहेत. म्हणून त्या पद्धतीच्याच घरातलं बोलते. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यासोबतच्या बारा तत्त्वांपैकी एक असं की प्रगती मोजायचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर. लिहिलेला कोड हे माप नाही, सरकवलेली तिकिटं हेही नाही. स्क्रम, म्हणजे स्प्रिंटांत काम करायची ॲजाइलमधली चौकट, त्याच्याही आधीचं. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ते १९९५ च्या ‘ऊप्सला’ (OOPSLA) या सॉफ्टवेअर परिषदेत मांडलं होतं, आणि त्यांचीच स्क्रम गाइड आजही या कामाचा आधार मानली जाते. २०२० च्या नोव्हेंबरात आलेली तिची आवृत्ती पंधरा पानांच्याही आत बसते. तिच्यात ‘डेफिनिशन ऑफ डन’ला मानाची जागा आहे: प्रॉडक्ट बॅकलॉगला (करायच्या कामांच्या यादीला) जसं प्रॉडक्टचं ध्येय, स्प्रिंट बॅकलॉगला जसं स्प्रिंटचं ध्येय, तसं तयार झालेल्या भागाला, म्हणजे इन्क्रिमेंटला, ही ‘झालं’ची व्याख्या. आणि पुढचं वाक्य तुम्ही पुन्हा एकदा वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. जे काम त्या व्याख्येत बसत नाही ते रिलीज करता येत नाही, एवढंच नव्हे, ते स्प्रिंट रिव्ह्यूत दाखवायचंही नाही. ते परत बॅकलॉगमध्ये जातं.

दाखवायचंही नाही. यावर मी खूप विचार केला आहे. अर्धवट काम दाखवण्यात एवढं वाईट काय, असं मलाही सुरुवातीला वाटे. पण त्या रिव्ह्यूत क्लायंटने मान डोलावली त्या क्षणी पावतीचं काम आमच्या सगळ्यांच्या डोक्यातून उतरलं. एकदा टाळ्या पडल्या की राहिलेल्या कामाला कुणी वाली उरत नाही. दाखवलं नसतं तर पुढच्या स्प्रिंटच्या प्लॅनिंगला ते समोर येऊन उभं राहिलं असतं.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो दूर करते. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया आणि डेफिनिशन ऑफ डन या दोन गोष्टी वेगळ्या. पावतीवर तारीख, लिटर, फॅट, दर, रक्कम यायला हवी, हे त्या एका स्टोरीचे क्रायटेरिया. ते आम्ही पाळले होते, आणि म्हणूनच आम्हाला काम झाल्यासारखं वाटलं. व्याख्या मात्र प्रत्येक स्टोरीला लागू. कोड दुसऱ्या कुणी वाचलाय. तो मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, मिसळलाय. आधी चालत असलेलं काही मोडलेलं नाही. खऱ्या फोनवर, रेंज बंद करून, देवनागरी नावं घालून तपासलंय. गडबड झाली तर मागे कसं फिरायचं ते लिहिलंय. सोसायटीच्या माणसाने फोन केला तर सपोर्टवाल्याला काय सांगायचं ते त्याला माहीत आहे. यातली एकही गोष्ट पावतीच्या तिकिटात लिहिलेली नव्हती, आणि प्रत्येक तिकिटात नव्याने लिहायचीही नसते. ती टीमने एकदा ठरवून भिंतीवर लावायची असते. एकाच प्रॉडक्टवर दोन-तीन टीम असतील तर सगळ्यांनी मिळून एकच व्याख्या ठरवायची, आणि कंपनीची स्वतःची काही किमान अट असेल तर ती सगळ्यांनी पाळायची, हेही गाइडमध्येच आहे.

शेवटची पायरी राहिली तर काय होतं याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या यंत्रणेने बाजार उघडल्यावर जवळजवळ पाऊण तासात भरमसाट चुकीचे व्यवहार केले. तोटा ४४ कोटी डॉलरच्या वर गेला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर जुना, २००३ पासून वापरात नसलेला भाग तसाच पडून होता, आणि नव्या सूचनेने नेमका तोच जागा झाला. चढवणाऱ्याच्या मागून दुसऱ्या कुणी आठही सर्व्हर पाहिले नव्हते, तसा लेखी नियमही नव्हता. सात सर्व्हर म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. आपल्या स्टँड-अपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, हे काम ‘झाल्यात जमा’ म्हणून सांगितलं गेलं असतं. आपले तोटे एवढे मोठे नसतात, पण सात-आठ गायींवर घर चालवणाऱ्याला त्याची पावती त्या कंपनीच्या तोट्यापेक्षा कमी महत्त्वाची नसते.

टक्क्यांबद्दलही बोलायला हवं. “किती टक्के झालं?” हा प्रश्न तुम्ही रोज विचारता. विचारण्यात वाईट हेतू नसतो, तुम्हालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. पण या प्रश्नाला खरं उत्तर नसतं. कोड लिहिताना पुढची अडचण दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण नव्वद म्हणतो, आणि नव्वदवर तिकीट आठवडाभर बसून राहतं. स्टोरीची उत्तरं दोनच, झालं किंवा नाही झालं. किती उरलंय ते जाणून घ्यायचं असेल तर कुठली गोष्ट अडली आहे असं विचारा, माणूस मोकळेपणाने सांगतो.

हे मी एका मुलीमुळे शिकले. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच आलेली, पहिली नोकरी, तिसरा महिना. स्टँड-अपमध्ये तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “माझं काम झालेलं नाही.” एवढंच. खोलीत सगळे गप्प झाले. मॅनेजरने विचारलं, “म्हणजे? काल तर नव्वद टक्के होतं ना?” ती म्हणाली, “काल मला तसं वाटलं होतं. रात्री दोन फोनवरून एकाच वेळी नोंद केली तर एक नोंद हरवते.” कुणी तिला ओरडलं नाही. पण “ठीक आहे, ते नंतर बघू, स्टोरी बंद कर, बग वेगळा टाक,” असं सांगण्यात आलं. तिने स्टोरी बंद केली. पुढच्या स्प्रिंटपासून ती रोज “झालं” म्हणायला लागली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवशी खोलीत सगळ्यात खरं तिनेच सांगितलं होतं, आणि तसं पुन्हा सांगू नये हे तिला आपण सगळ्यांनी मिळून शिकवलं. मीही तिथेच बसले होते आणि काही बोलले नाही.

स्टोरी बंद करून राहिलेलं काम बग म्हणून टाकणं ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धत झाली आहे. त्याने त्या स्प्रिंटचे पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) पूर्ण दिसतात, व्हेलॉसिटीचा, म्हणजे दर स्प्रिंटला झालेल्या पॉइंटांचा, आलेख वर जातो आणि पुढच्या वेळी तेवढंच काम पुन्हा अंगावर घेतलं जातं. बगांची रांग मात्र वाढत जाते, आणि ती उपसायला वेगळा ‘हार्डनिंग’ स्प्रिंट काढावा लागतो. त्यात नवीन काही होत नाही म्हणून तुम्हीच चिडता. तो सगळा वेळ आधीच्या स्प्रिंटांतून उसना घेतलेला असतो. अर्धवट स्टोरीला अर्धे पॉइंट देऊ नका. शून्य द्या. पुढच्या स्प्रिंटला ती पूर्ण झाली की पूर्ण द्या. आलेख काही दिवस खाली येईल आणि मग पहिल्यांदाच खरा होईल.

आमच्या घरी चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायचं काम बाबांचं. लाकडी चौकट, तिच्यावर नारळाचा घोस, सुपारीचा घड, केळी, कवंडळं, तोरिंजन, चिबूड, रानातून आणलेल्या डहाळ्या, सगळं केवणीच्या सालीच्या दोरांनी बांधलेलं. आम्ही पोरं संध्याकाळीच ओरडायचो, माटोळी झाली, माटोळी झाली. दिसायला ती झालेलीच असायची. बाबा उत्तर देत नसत. ते स्टुलावर चढून एकेक फळ खाली ओढून बघत, गाठ सरकली की सोडून पुन्हा बांधत. चिबडाची गाठ ते दोनदा बघत, कारण तो जड आणि गुळगुळीत, आणि बरोबर गणपतीच्या डोक्यावर येई. पहाटे उठून पुन्हा एकदा सगळ्यांना हात लावत. मग आईला सांगत, “आता मूर्ती आण.” माटोळी झाल्याची खूण त्यांच्या लेखी ती होती: खाली देव बसवता येतो, पोरं खेळू शकतात, विसर्जनापर्यंत वर बघायची गरज नाही. त्यांनी हे कधी कागदावर लिहिलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती, कारण बांधणारे ते आणि खाली बसणारे आम्हीच. आपल्या कामात बांधणारा पर्वरीत आणि खाली बसणारा सत्तरीत असतो, कधी कधी सातासमुद्रापार. म्हणून आपल्याला लिहून ठेवावं लागतं.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे, कारण ते मी तोंडावर ऐकलेलं आहे. आपण छोट्या कंपन्या, क्लायंट बाहेरचा, तारीख त्याने ठरवलेली, एवढे चोचले परवडत नाहीत. तारखेचं खरं आहे. पण तारीख पाळायची तर काहीतरी कमी करावंच लागतं, आणि आपण दर वेळी ‘झालं’चा अर्थ कमी करतो. कारण ते एकच कमी करणं बाहेरून दिसत नाही. त्याऐवजी काम कमी करा. स्क्रमही तेच सांगतं: स्प्रिंटच्या मधेच व्याप्तीबद्दल प्रॉडक्ट ओनरशी पुन्हा बोलता येतं, दर्जा मात्र खाली आणायचा नाही. आमच्या त्या ॲपमध्ये पहिल्या दिवशी मासिक अहवाल, आलेख, रंगीत डॅशबोर्ड सगळं होतं. सेक्रेटरींनी त्यातलं काहीच उघडलं नव्हतं. त्यांना नोंद आणि पावती एवढंच हवं होतं, पण पक्कं. डॅशबोर्ड सोडून ते दोन आठवडे आम्ही पावतीला दिले असते तर तारीखही चुकली नसती.

दुसरं म्हणणं असं की व्याख्या एवढी लांबलचक केली तर काहीच कधी पूर्ण होणार नाही. हे बरोबर आहे. म्हणून ती लहान सुरू करा. पणजीतल्या आमच्या टीमने पाच ओळींपासून सुरुवात केली. त्यातली एक ओळ अशी: ‘रेंज बंद करून चालवून पाहिलं’. पहिल्या स्प्रिंटच्या शेवटी ‘डन’च्या कप्प्यात फक्त दोन स्टोऱ्या होत्या. मॅनेजर बोर्डापुढे बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “म्हणजे आधीही दोनच होत असणार.” त्यांचं ते वाक्य मला कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा मोलाचं वाटतं. त्यानंतर दर रेट्रोला, म्हणजे स्प्रिंट कसा गेला ते बघायच्या बैठकीला, आम्ही एखादी ओळ वाढवत गेलो, एक-दोन काढूनही टाकल्या. टीमचा हात बसत गेला तशी व्याख्या वाढली.

आता माझं मागणं.

बोर्डावर ‘डन’ हा एकच कप्पा ठेवा. डेव्ह डन (कोड लिहून झाला), क्यूए डन (तपासून झालं), डन-डन (खरंच झालं) हे सगळे कप्पे म्हणजे आपल्यात एकमत नाही याची कबुली आहे. तपासणी चालू असेल तर काम चालूच आहे. मधल्या कप्प्याला ‘झालं’ हा शब्द लागू देऊ नका.

‘झालं’ची व्याख्या टीमला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या, मराठीत, कोकणीत, जशी त्यांना जमेल तशी. दुसऱ्या कंपनीची इंग्रजी यादी उतरवून भिंतीवर लावली की ती कुणी वाचत नाही. ती लिहिताना टेस्टरला आणि सपोर्टच्या माणसाला सोबत बसवा. शेवटच्या दोन दिवसांत आमच्याकडे काम फेकलं की आम्ही फक्त वेळ नव्हता म्हणून सांगू शकतो.

क्लायंटशी करार करताना माइलस्टोनच्या ओळीत काम पूर्ण होण्याचा अर्थ लिहा. डेमो झाला की बिल, ही अट काढा. जिथे वापरायचंय तिथे, वापरणाऱ्याच्या हातून, एक पूर्ण दिवस चाललं की बिल, असं लिहा. यात आपले पैसे उशिरा येतात हे मला कळतं, पण आत्ता ते सपोर्टच्या रात्रींमधून परत जातातच. काम देणाऱ्या सरकारी खात्यांना आणि संस्थांनाही हेच सांगणं आहे, कारण उद्घाटनाची तारीख ते ठरवतात आणि मग सगळी टीम त्या तारखेला बांधली जाते.

आणि जो कुणी स्टँड-अपमध्ये “झालं नाही” म्हणेल त्याला त्याच जागी, सगळ्यांसमोर, धन्यवाद द्या. हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात आधी हवं. बाकीचं सगळं लिहून ठेवलं आणि हे एक केलं नाही, तर भिंतीवरची व्याख्या पहिल्याच घाईच्या शुक्रवारी निकामी होईल.

त्या केंद्रावर मी गेल्या महिन्यात पुन्हा गेले होते, कामासाठी नव्हे, त्या बाजूला आमच्या नात्यातलं लग्न होतं म्हणून. पावतीवर आता नावं येतात, जोडाक्षरांसकट. रेंज नसली तरी नोंद राहते, दोनदा पडत नाही. आम्ही ते सगळं नंतर दुरुस्त केलं. केंद्रावरच्या मुलाने दूध मोजलं, बटण दाबलं, पावती काढून काकींच्या हातात दिली. मग टेबलाखालून जुनी लांबट वही काढली आणि तेच आकडे पेनाने पुन्हा लिहिले. मी विचारलं, आता कशाला? तो म्हणाला, “सेक्रेटरी सांगतात, आसूं दी.” काकी वहीतल्या त्यांच्या नावापुढचा आकडा बघेपर्यंत थांबल्या, मग किटली उचलून गेल्या.

आपली नम्र,
एक टेस्टर
डिचोली, गोवा